जुना, स्वस्त डिजिटल कॅमेरा: कोल्हापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

माळ्यावर, शोकेसच्या खालच्या खणात किंवा लग्नाच्या अल्बमांशेजारी पडून असलेला छोटा डिजिटल कॅमेरा पुन्हा वापरायची इच्छा असणारे जे प्रश्न सतत विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. हे कॅमेरे टाकून देण्याजोगे नाहीत, असं आमचं ठाम मत आहे. त्यांना तीन गोष्टी लागतात: दमदार सेल, त्यांच्या काळातलं कार्ड आणि भरपूर उजेड. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी यांतलंच एखादं असतं. कॅमेरा नुकताच सापडला असेल तर सेल घालण्याआधी पहिला प्रश्न वाचा.

१. कपाट आवरताना बाबांचा जुना डिजिटल कॅमेरा सापडला. चालू करण्याआधी काय करू?

आधी कार्ड बाहेर काढा. कॅमेऱ्यापेक्षा त्या कार्डावरचे फोटो मोलाचे आहेत. बारसं, आजोबांची साठी, जुनं घर पाडायच्या आधीचा सोपा असं काहीही त्यात असू शकतं आणि त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. कार्ड रीडरमध्ये घालून सगळं कॉम्प्युटरवर उतरवा, आणखी एका ठिकाणी प्रत ठेवा आणि मगच कॅमेऱ्याला हात लावा. एसडी कार्डाच्या कडेला छोटा सरकता खटका असतो. तो लॉकच्या बाजूला ठेवलात तर चुकून काही पुसलं जायची भीती राहत नाही.

काही कॅमेऱ्यांना कार्डाशिवाय आतलीही थोडी मेमरी असते. कार्ड काढून कॅमेरा चालू केला की तिच्यातले फोटो दिसतात, तेही केबलने उतरवून घ्या. सेलच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवी भुकटी दिसली तर नवे सेल घालू नका, आधी प्रश्न ५ पाहा. आणि कॅमेऱ्याला पडदाच नसेल तर प्रश्न १० आधी वाचा, कारण त्याचं गणित वेगळं आहे.

२. ‘जुना डिजिटल कॅमेरा’ म्हणजे नेमका कुठल्या काळातला?

पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी बनवला. ०.०१ मेगापिक्सेलचं एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागायची. घरगुती वापराचे कॅमेरे आले नव्वदच्या दशकात: १९९४ मध्ये अॅपलचा क्विकटेक १००, १९९५ मध्ये मागे पडदा असलेला कॅसिओचा क्यूव्ही-१०, १९९७ मध्ये फ्लॉपीवर फोटो ठेवणारे सोनीचे माव्हिका. आपल्याकडच्या घरांत सापडतात ते बहुतेक त्यानंतरचे, साधारण २००१ ते २००८ मधले, दोन ते आठ मेगापिक्सेलचे. या पानावरची उत्तरं मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत.

३. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा आज उपयोग काय? फोनच पन्नास मेगापिक्सेलचा आहे.

दोन मेगापिक्सेल म्हणजे साधारण १६०० गुणिले १२०० ठिपके. मोबाइलच्या पडद्यावर पाहायला, व्हॉट्सअॅपवर पाठवायला आणि चार बाय सहाची प्रिंट काढायला एवढे ठिपके पुरतात. फोनच्या जागी तो येणार नाही, यायलाही नको. पण शाळकरी मुलाच्या हातात फोन न देता कॅमेरा देता येतो, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. त्याला फोटोच काढायचे असतात; मध्येच गेम उघडत नाही की मेसेज येत नाही. आरशासारखा पडदा मुलांना हवाच असतो, तरी आधी त्यांना वरच्या छोट्या काचेतून चौकट बघायला शिकवा. सेलही वाचतात.

एक सावधगिरी. खोक्यावर लिहिलेला मेगापिक्सेलचा आकडा दर वेळी खरा नसतो. अगदी स्वस्त कॅमेऱ्यांत सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, लहान असतो आणि मधले ठिपके हिशेबाने भरून फाइल फुगवलेली असते. माहितीपत्रकात ‘इंटरपोलेशन’ हा शब्द दिसला तर त्याच्या पुढचा आकडा सोडून द्या, सेन्सरचा आकडा बघा.

४. नवे सेल घातले तरी पाच-दहा फोटोंत कॅमेरा बंद पडतो. कॅमेरा गेला का?

बहुधा नाही. सेल चुकले आहेत. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

डबल-ए म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात बसतो तो पेन्सिल सेल. आकार एकच असला तरी आतला मालमसाला वेगवेगळा असतो. किराणा दुकानात मिळणारा स्वस्त सेल झिंक-कार्बनचा असतो. घड्याळाला वर्षभर थेंब-थेंब वीज द्यायला तो उत्तम. पण कॅमेऱ्याचा पडदा, लेन्सची मोटर आणि फ्लॅश एकदम मोठा करंट ओढतात. एवढा करंट या सेलला देता येत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि सेल संपला असं समजून कॅमेरा बंद होतो. तेच सेल घड्याळात घातले तर पुढे कित्येक महिने चालतात. अल्कलाइन सेल यापेक्षा बरे, पण रोजच्या वापराला महागात पडतात.

खरं उत्तर म्हणजे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे एनआयएमएच सेल. त्यांच्यावर १.५ च्या जागी १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, ते पाहून लोक कचरतात. कचरू नका. ते १.२ व्होल्ट जोराच्या ओढीखालीही बराच वेळ टिकून राहतात. जुन्या प्रकारचे एनआयएमएच सेल नुसते पडूनही उतरायचे; २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले तेव्हापासून चार्ज धरून ठेवणारा प्रकार मिळू लागला. घ्यायचे तर तसलेच घ्या. दोन किंवा चारचा संच एकत्र चार्ज करा, एकत्र वापरा, जुना-नवा मिसळू नका.

सेल चांगले असूनही अडचण येत असेल तर सेलची टोकं आणि कॅमेऱ्यातल्या पट्ट्या कोरड्या सुती कापडाने घासून पुसा. काही मॉडेल्स सेल भरलेले असतानाही ‘बॅटरी लो’ दाखवतात, कारण त्यांचं मोजमाप अल्कलाइनच्या व्होल्टेजवर बेतलेलं असतं. अशांना १.५ व्होल्टचे लिथियम डबल-ए सेल मानवतात. ते रिचार्ज होत नाहीत, पण प्रवासात भरपूर टिकतात.

आता धोक्याचं. तसाच दिसणारा ३.७ व्होल्टचा १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल ऑनलाइन मिळतो. डबल-एच्या जागी तो कधीच घालू नका. कॅमेऱ्याचं सर्किट जळेल.

५. सेलच्या कप्प्यात पांढरी भुकटी जमली आहे. साफ करता येईल का?

येईल, हलक्या हाताने. अल्कलाइन सेल गळला की आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि हवेशी मिळून पांढरं होतं. ते अल्कधर्मी असल्यामुळे कान साफ करायच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा. लिंबाचा रसही चालतो. मग दुसऱ्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुन्हा पुसा आणि दिवसभर उघडं ठेवून वाळू द्या. हातमोजे घाला, डोळे जपा. व्हिनेगर आत ओतायचं नाही, काडी फक्त ओलसर हवी. पट्टीवरचा मुलामा खाल्ला गेला असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा.

यापुढे कॅमेरा महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. (प्रश्न १० मधले कॅमेरे याला अपवाद आहेत.)

६. माझ्या कॅमेऱ्याला पेन्सिल सेल लागत नाहीत, चपटी बॅटरी आहे आणि चार्जर हरवला आहे.

बॅटरीवरचा मॉडेल नंबर शोधा, कॅमेऱ्याचा नाही. एकच बॅटरी अनेक मॉडेल्सना चालते, त्यामुळे बॅटरीच्या नंबरवर दुसऱ्या कंपनीची बॅटरी आणि यूएसबीवर चालणारा चार्जर बऱ्याचदा मिळून जातो. जुनी बॅटरी फुगलेली दिसली तर चार्ज करू नका, टोचू नका, घंटागाडीतही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

७. कॅमेऱ्यात कुठलं कार्ड घालायचं? दुकानातलं ३२ जीबीचं कार्ड घातलं तर ‘कार्ड एरर’ येते.

कार्ड खराब नाही, कॅमेऱ्याला ते वाचताच येत नाही. मूळ एसडी कार्डाची मर्यादा २ जीबी. त्यावरची, ४ ते ३२ जीबीची एसडीएचसी कार्डं २००६ पासून आली. त्याआधीच्या कॅमेऱ्याला एसडीएचसी कळत नाही आणि कितीही फॉरमॅट केलं तरी कळणार नाही. म्हणून २ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड शोधा. फार जुना कॅमेरा २ जीबीलाही अडतो, त्याला ५१२ किंवा २५६ एमबी द्या. पूर्वी साध्या मोबाइलबरोबर मिळालेलं १ किंवा २ जीबीचं मायक्रोएसडी घरात असेल तर अडॅप्टरमध्ये घालून चालवून बघा, बहुतेक चालतं. जागा कमी पडेल ही काळजी नको: दोन मेगापिक्सेलचा चांगल्या दर्जाचा फोटो साधारण एक एमबीचा असतो.

बाकीची कार्डं ओळखायची कशी? काड्यापेटीएवढं, जाडसर, कडेला बारीक भोकांची रांग असलेलं ते कॉम्पॅक्टफ्लॅश. कॅननच्या पॉवरशॉट ए६०, ए७० सारख्या मॉडेल्सना हेच लागतं. ते तिरकं घालून जोर केला तर आतल्या पिना वाकतात, म्हणून आधी टॉर्चने खाचेत बघा. पातळ, पापुद्र्यासारखं आणि अर्धी बाजू सोनेरी असलेलं ते स्मार्टमीडिया. त्याची कमाल १२८ एमबी. ओलिम्पस आणि फुजीफिल्मने २००२ मध्ये आणलेलं छोटं कार्ड म्हणजे एक्सडी. सोनीच्या कॅमेऱ्यांत लांबट मेमरी स्टिक असते. शेवटची तीन आता नवी मिळणं अवघड आहे, म्हणून कॅमेरा घेताना कार्डासकटच घ्या.

८. कार्ड कॉम्प्युटरवर फॉरमॅट केलं तर चालेल ना?

कॅमेऱ्यातच करा. कॅमेऱ्याला फाइलींची ठरावीक मांडणी हवी असते आणि ती तोच नीट घालतो. स्मार्टमीडियाच्या बाबतीत तर हा नियम मोडूच नका. कॉम्प्युटरवर फॉरमॅट केलेलं कार्ड कॅमेरा पुढे ओळखेल याची खात्री राहत नाही.

याच्याशी जोडलेला एक नेहमीचा गोंधळ: फोटो कार्डावर आहेत, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसत नाहीत. कोणीतरी कॉम्प्युटरवर फाइलींची नावं बदललेली असतात. डीसीआयएम फोल्डर, चार अक्षरं आणि चार आकडे असं ठरलेलं नाव असेल तरच कॅमेरा फोटो दाखवतो. फोटो सुरक्षित आहेत, फक्त तिथे दिसत नाहीत.

९. फोटो मोबाइलवर कसे घ्यायचे? सोबतची सीडी हरवली आहे.

सीडीची गरज नाही. ती बहुधा विंडोज ९८च्या काळातल्या ड्रायव्हरची असते. कार्ड काढा, कार्ड रीडरमध्ये घाला आणि रीडर ओटीजी अडॅप्टरने, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या यूएसबी जोडाने, फोनला जोडा. फोन त्याला पेनड्राइव्हसारखा उघडतो. केबलने जोडायचं असेल तर चांगले सेल घाला, कारण मध्येच कॅमेरा बंद पडला तर कार्डावरची मांडणी बिघडू शकते. जुना यूएसबी फार संथ असतो, धीर धरा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा; आधीच लहान असलेली फाइल आणखी दाबली जाऊ नये.

१०. कॅमेऱ्याला मागे पडदा नाही, कार्डाची खाच नाही, फक्त एक छोटा आकडा दिसतो. आतले फोटो कसे काढू?

हा सगळ्यांत स्वस्त जातीचा कॅमेरा. वेबकॅम म्हणूनही चालणारा, साधारण ०.३ मेगापिक्सेलचा. यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटो एसडीरॅमवर राहतात आणि एसडीरॅमला आठवण टिकवायला सतत वीज लागते. सेल संपले किंवा काढले की फोटो पुसले जातात. म्हणून वर्षानुवर्षं पडून असलेल्या अशा कॅमेऱ्यात जुने फोटो उरलेले नसतात, कुठल्याही दुकानात नेलं तरी. हे सांगताना वाईट वाटतं, पण ‘डेटा रिकव्हरी’च्या नावाखाली पैसे घालवू नका.

पुढे वापरायचा असेल तर नियम सोपा: फोटो काढले त्याच दिवशी उतरवा आणि उतरवेपर्यंत सेलना हात लावू नका. आजचं विंडोज याला ओळखत नाही. ओळखीत कोणी लिनक्स वापरत असेल तर त्यांना जीफोटो२ हा मोफत प्रोग्रॅम चालवून बघायला सांगा. या स्वस्त कॅमेऱ्यांतल्या पुष्कळ चिप त्याला ठाऊक आहेत.

११. कार्ड चुकून फॉरमॅट झालं. फोटो परत मिळतील?

ताबडतोब थांबलात तर बरीच आशा आहे. फॉरमॅट केल्यावर बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, फोटो जागेवर असतात. त्यावर नवे फोटो पडले की मात्र जातात. म्हणून कार्ड लगेच काढा, लॉक करा आणि कॉम्प्युटरवर फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम चालवा. मिळालेले फोटो दुसऱ्या डिस्कवर साठवा, त्याच कार्डावर नाही. मूळ नावं परत येत नाहीत, पण चित्रं येतात.

१२. सगळ्या फोटोंवर १ जानेवारी २००१ अशी तारीख येते. दुरुस्त करता येईल?

तारीख धरून ठेवणारा आतला छोटा बटण सेल संपलेला असतो. काही मॉडेल्समध्ये तो मुख्य सेलच्या कप्प्याशेजारी एका छोट्या ट्रेमध्ये सापडतो आणि घरी बदलता येतो. काहींमध्ये तो आत सोल्डर केलेला असतो, तर काहींमध्ये नुसता कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) असतो आणि चांगले सेल काही तास आत ठेवले की तो भरतो.

आधीच काढलेल्या फोटोंच्या तारखाही दुरुस्त होतात. एका फोटोची खरी तारीख कळली, समजा मागे गणपतीची मिरवणूक दिसतेय, तर फरक काढा. एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्रॅम तेवढ्याच फरकाने सगळ्यांच्या तारखा सरकवतो. मध्ये सेल काढले गेले असतील तर घड्याळ पुन्हा शून्यावर आलेलं असतं. तेव्हा फोटोंचे गट पाडून प्रत्येकाचा फरक वेगळा धरा.

१३. रंकाळ्यावर संध्याकाळी काढलेले फोटो हललेले नाहीतर काळे येतात.

या कॅमेऱ्यांचा आयएसओ, म्हणजे कमी उजेड टिपायची ताकद, साधारण ५० ते ४०० एवढाच, आणि ४०० वर चित्रात दाणे फार येतात. फ्लॅशचा उजेड तीनेक मीटरपलीकडे पोचत नाही, म्हणजे तळ्यावर मारलेला फ्लॅश वायाच जातो. फ्लॅश बंद करा, आयएसओ सगळ्यात कमी ठेवा, कॅमेरा रंकाळ्याच्या कठड्यावर ठेवा, खाली रुमालाची घडी घालून कोन जुळवा आणि सेल्फ टायमर लावा. बटण दाबल्याचा धक्का लागत नाही आणि शटर निवांत उघडं राहतं. नाइट मोड असेल तर तो वापरा. सूर्य मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं, आकाशात निळसर उजेड असतानाच दिवे लागलेले असतात, ती वेळ धरा. पूर्ण अंधारात जाऊ नका.

समोर माणूस असेल आणि मागचे दिवेही हवे असतील तर फ्लॅशसकट नाइट मोड लावा आणि फ्लॅश पडल्यावरही त्याला क्षणभर हलू नको म्हणून सांगा.

१४. खासबागेत कुस्तीचा फोटो काढायला गेलो. डाव पडतो, मग क्लिक होतं. कॅमेरा संथ आहे का?

बटण पूर्ण दाबल्यावर कॅमेरा आधी फोकस शोधतो, उजेड मोजतो आणि मग फोटो घेतो. तो वेळ आधीच उरकून घ्यायचा. पैलवान जिथे भिडलेत तिथे रोखून बटण अर्धं दाबा, हिरवा दिवा लागला की तसंच धरून ठेवा. डाव बसतोय असं दिसलं की उरलेलं अर्धं दाबा. आता क्लिक लगेच होतं. पैलवान तुमच्या जवळ किंवा लांब सरकले तर सोडून पुन्हा अर्धं दाबा. मॅन्युअल फोकस असेल तर आखाड्याच्या मध्यावर लावून ठेवा. पडदा बंद करून वरच्या काचेतून बघितलंत तर आणखी फायदा, कारण पडद्यावरचं दृश्य किंचित उशिरा येतं. मात्र ती काच लेन्सच्या जरा बाजूला असते, म्हणून जवळच्या वस्तूला चौकट थोडी सरकते.

दिवसाउजेडीच्या कुस्त्या धरा. दिव्याखालच्या कुस्त्या या कॅमेऱ्यांच्या आवाक्यातल्या नाहीत.

१५. जोतिबाच्या यात्रेत कॅमेरा नेऊ का? गुलालाने खराब होईल का?

जपून नेला नाही तर होईल. बाहेर येणाऱ्या लेन्सच्या नळ्यांमध्ये केसभर फट असते. गुलालाची भुकटी तीत बसली की लेन्स आत जाताना ती सोबत ओढते आणि दातेरी चाकं अडतात (प्रश्न १७). चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचत असताना हवेतच गुलाल असतो, तेव्हा हे करा: लेन्सच्या मापाचं भोक पाडलेल्या पारदर्शक पिशवीत कॅमेरा घाला आणि पिशवी लेन्सभोवती रबर बँडने घट्ट बसवा. गुलालात असताना झूम करू नका आणि पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. बाजूला आल्यावर, लेन्स बाहेर असतानाच, मऊ ब्रशने गुलाल झटका आणि मगच बंद करा. तोंडाने फुंकू नका. ज्याची लेन्स बाहेर येत नाही असा कॅमेरा असेल तर यात्रेला तोच न्या.

गुऱ्हाळात वेगळी काळजी. काहिलीच्या वाफेने गार काच धुकट होते, म्हणून कॅमेरा थोडा वेळ आत उघडा ठेवून गरम होऊ द्या. फ्लॅश मारलात तर वाफ पांढरी भिंत होऊन उभी राहते. फ्लॅश बंद करून दारातून येणारा उजेड वाफेमागून येईल असे उभे राहा. गुळव्या काहिलीत हात चालवतो तो क्षण त्या उजेडात इतका देखणा येतो की त्यासाठी पहाटे उठून जावं.

अंबाबाईच्या मंदिरात मात्र आत फोटो काढायला मनाई आहे, किरणोत्सवातही. कॅमेरा छोटा आहे म्हणून सूट नाही.

१६. पावसाळ्यात लेन्सवर जाळं धरतं. कसं टाळायचं?

ती बुरशी असते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा इतकी ओली असते की कातडी पाउचमध्ये, बंद कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याला ती हमखास धरते. पाउच वेगळा ठेवा. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कॅमेरा ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओलावा भरल्याचं कळतं. मंद आचेवर तापवलं की पुन्हा वापरता येतं. तांदूळ नको, त्याचा पिठूळ भुगा लेन्समध्ये जातो. आणि दर पंधरवड्याला कॅमेरा बाहेर काढून वापरा.

पन्हाळ्यावर धुक्यात फोकस लागत नाही, तो दोष बुरशीचा नाही. कॅमेऱ्याला पकडायला ठळक कड लागते. तेवढ्याच अंतरावरच्या तटबंदीच्या दगडावर अर्धं दाबून फोकस घ्या आणि मग चौकट वळवा.

१७. लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकते आणि कॅमेरा बंद होतो.

आधी ताजे चार्ज केलेले सेल घाला. अशक्त सेलवर मोटरला दम पुरत नाही. मग लेन्स जमिनीकडे करून चालू करा आणि नळ्यांभोवती मऊ ब्रश फिरवा. कॅननच्या त्या काळच्या मॉडेल्सवर ‘ई-१८’ असा संदेश येतो, त्याचा अर्थ हाच. लेन्स हाताने पिरगाळू नका.

स्वतः उघडायचा विचार असेल तर हे नीट वाचा. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यावरही ते बराच वेळ राहतात. झटका जोरदार बसतो. माहिती नसेल तर उघडू नका.

१८. फोटोवर जांभळ्या रेघा येतात. सेन्सर गेला का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकटीत सूर्य किंवा प्रखर दिवा असताना पडद्यावर एकच उभी रेघ येत असेल, तर तो सीसीडी, म्हणजे या कॅमेऱ्यांतल्या नेहमीच्या जातीच्या सेन्सरचा स्वभाव आहे. कोन बदला, रेघ जाते. पण साध्या उजेडातही सगळं चित्र जांभळं, फाटल्यासारखं किंवा पूर्ण काळं येत असेल आणि जुने फोटो मात्र पडद्यावर नीट दिसत असतील, तर सेन्सर गेला आहे. २००५ च्या अखेरीस कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, सोनी अशा अनेक कंपन्यांनी हा दोष जाहीर केला होता. सोनीने बनवलेल्या काही सीसीडींमधली जोडणी उष्ण आणि दमट हवेत सुटत होती. तेव्हा कंपन्या फुकट बदलून देत होत्या, आता ती सोय उरलेली नाही. असा कॅमेरा विकत घेऊ नका. घरात असेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कॅमेऱ्याला सुटे भाग म्हणून ठेवा.

१९. कोल्हापुरात दुरुस्ती होते का?

कंपनीकडून नाही, सुटे भाग बंद झाले आहेत. इलेक्ट्रॉनिक बिघाडासाठी मोबाइलची बारीक सोल्डरिंग करणारा जाणता कारागीर गाठा. सेलच्या दाराचा तुटलेला खटका, स्प्रिंग, ट्रायपॉडचा झिजलेला आटा अशा कामांना उद्यमनगरात विचारा. बारीक काम आवडीने करणारा माणूस तिथे भेटतो. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा ज्या गावात स्वतः घडवला, तिथे सेलचं दार घडणार नाही असं आम्हाला वाटत नाही.

२०. हल्ली मुलं ‘सीसीडीचे रंग वेगळेच’ म्हणून जादा पैसे देतात. खरं आहे का?

रंग वेगळे असतात हे खरं, पण त्याचं श्रेय एकट्या सीसीडीला नाही. सेन्सरवरच्या रंगगाळण्या आणि त्या काळी कंपनीने ठरवलेली प्रक्रिया, यांतून ते रंग येतात. शिवाय फोनसारखे अनेक फोटो जोडून सावल्या उजळण्याचं काम हा कॅमेरा करत नाही. ऊन ऊन दिसतं, सावली सावली राहते. ते आवडत असेल तर जरूर घ्या. नुसत्या ‘सीसीडी’ या अक्षरांसाठी जास्त पैसे मोजू नका.

घेताना चार्ज केलेले सेल आणि कार्ड सोबत न्या. पांढऱ्या भिंतीचा एक आणि आकाशाचा एक फोटो काढा, मोठा करून डाग बघा. झूम पूर्ण पुढे-मागे करा, फ्लॅश दोनदा मारा, प्रत्येक बटण दाबा. सेलचं दार बोटाने न दाबता बंद राहतं का ते पाहा, कारण तेच सगळ्यांत आधी तुटतं. विकणारा सेल घालू देत नसेल तर सोडून द्या.

२१. प्रिंटमध्ये डोकी कापली जातात.

कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन या प्रमाणात, चार बाय सहाचा कागद तीनास दोन. कागद भरायला उंचीचा नववा हिस्सा कापावा लागतो. स्टुडिओत ‘कापू नका, कडेला पांढरं राहू दे’ असं स्पष्ट सांगा, किंवा फोटो काढतानाच डोक्यावर आणि पायाखाली जागा सोडा.

२२. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर दाबला तर दिवा दिसतो. असं का?

रिमोटचा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही. सेन्सरला तो दिसतो आणि जुन्या कॅमेऱ्यांतली अवरक्त अडवणारी काच बऱ्याचदा कमजोर असते. रिमोट चालतोय की नाही हे तपासायला चांगला उपयोग होतो. ज्यात दिवा लख्ख दिसतो, त्या कॅमेऱ्यापुढे फक्त अवरक्त प्रकाश आत सोडणारा फिल्टर धरून उन्हात झाडांचे फोटो काढा. पानं पांढरीशुभ्र येतात. उजेड फार कमी पोचतो, म्हणून कॅमेरा टेकवून ठेवा.

२३. आमच्याकडे फ्लॉपीवाला माव्हिका आहे. तो चालेल?

चालण्याची शक्यता चांगली आहे. एफडी मालिकेतल्या बऱ्याच मॉडेल्सना एनपी-एफ जातीची बॅटरी लागते आणि ती आजही व्हिडिओ शूटिंगच्या एलईडी लाइटसाठी सर्रास विकली जाते. अडचण फ्लॉपीची. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर मोजकेच फोटो बसतात आणि पावसाळ्यांतून गेलेल्या फ्लॉपीच्या तबकडीवर बुरशी असते. पत्र्याचं झाकण सरकवून उजेडात तबकडी बघा. डाग दिसले तर ती कॅमेऱ्यात घालू नका, हेड खराब होईल. स्वच्छ फ्लॉपी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने आजच्या कॉम्प्युटरवर वाचता येते. जुन्या, फोटो असलेल्या फ्लॉपी आधी त्या ड्राइव्हमध्येच वाचून घ्या, कॅमेऱ्यात नंतर.